टोचली म्हणून सांगितलेली लस

ताई,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय. आधीची दोन खिशातच मळली.

त्या दिवशी तुझ्या छोटीला गोवराची लस मी टोचून आणलीच नाही. वाटेत क्रेनने नाल्यातून बस वर काढत होते, ते बघत तिला घेऊन उभा राहिलो, खिडकीत कुणाची तरी छत्री अडकलेली... ते जाऊ दे. तोवर दवाखाना बंद झाला. लसीच्या कार्डावर तारीख मीच घातली. "रडली का रे?" तू विचारलंस. "चकार शब्द काढला नाही," मी म्हणालो.

पुढे छोटीला गोवर झालाच. त्यातून ती वाचली, पण महिनाभर तू घरी बसलीस आणि कारखान्याच्या शिलाईखात्यात तुला मिळणारी मुकादमी दुसरीला मिळाली. तुझ्या मदतीला घरी राहून मोठीची परीक्षा बुडाली. मग तू शेजारणीला म्हणालीस, "लस देऊन काय उपयोग झाला गं?" ती म्हणाली, "मग माझ्या बाळाला मी नाही नेत बाई." मी तिथेच चहा पीत होतो. दुसऱ्या दिवशी निघून आलो.

तिचं बाळ आता नऊ महिन्यांचं, म्हणजे गोवराच्या लशीच्या वयाचं होईल. तिला माझं नाव घेऊन सांग, की छोटीला लस दिलीच नव्हती. पण हे तुला कळायला पत्र टपालपेटीत पडायला हवं, आणि मी तासभर पेटीसमोर बसून पाकीट चिकटवतोय नि उघडतोय.

तोंड दाखवायला जागा नसलेला,
तुझा धाकटा