हत्तीपाय नव्हता

मुकेशराव,

साखरपुडा ठरवाले आले तवा तुमच्या आईनं मले अंगणात चालून दाखवाले लावलं. डावा पाय सुजलेला पाहून "हत्तीपाय हाये" म्हणाल्या अन् सोयरिक मोडली. तुम्ही मान खाली घालून चहा पेत राह्यले.

हत्तीपाय नव्हता. सेवाग्रामचे डॉक्टर म्हणाले, "पोरी, दुखणं पायात नाई, पोटात आहे." उजव्या पायाची धमनी डाव्या पायाच्या शिरेले दाबून बसलती, रक्त वर चढूच देत नव्हती. त्यांनी शिरेत जाळीची नळी बसवली. आता दोन्ही पायांत एकाच मापाची चप्पल येते.

हे पत्र टाकाले पोस्टापर्यंत दोन किलोमीटर जावं लागते. रोज त्याच्या दुप्पट चालतो मी. पण तुमच्यासाठी आता चालून दाखवणार नाई.

चंचल,
तळेगाव