तुमच्या नावाने काढलेली साल

आबा, तुम्ही माझ्यावर रागावून गेलात की राग सोडून, हे मला अजून कळलेलं नाही. धरणगावजवळच्या आपल्या गावात तुम्ही झाडपाल्याचं औषध द्यायचात आणि मी धुळ्याच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. दुकानातल्या रंगांचा मला वीट आला होता. पळसाची फुलं, हळद, डाळिंबाच्या साली, हाताला लागेल ते मी उकळून पाहत होते. आई म्हणायची, घरात काढा करणारा तुझा बाप एकटा पुरे आहे. पण नाल्याकाठच्या अर्जुनाच्या सालीतून जो तांबूस रंग उतरायचा तसा दुसऱ्या कशातच नव्हता, आणि ते झाड म्हणजे तुमचा औषधाचा डबा. त्याला हात लावायचा तर तुमचा नियम पाळायचा. आधी झाडाला आजारी माणसाचं नाव सांगायचं, मग एकाच बाजूने साल काढायची आणि जखमेवर शेणमाती लिंपायची. औषध पोटात जाण्याआधीच माणूस गेला, तर त्याच्या नावाची साल परत बुंध्याशी नेऊन ठेवायची, म्हणजे तो गेला हे झाडाला कळतं. नाव नाही तर कोयताही नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीतली ती सकाळ. जळगावला माझं पहिलं प्रदर्शन ठरलंय, कागद कोरे पडलेत, आणि मी कोयता घेऊन झाडापाशी उभी आहे. तुम्ही मागून येता.

"कोना नाववर काढी राहिनी?"

"मनं चित्र आजारी शे, आबा," मी हसत म्हणते.

तुम्ही हसत नाही. कोयता माझ्या हातातून काढून घेता. "आजारनी मस्करी नको करू. ज्याले गरज शे, त्यानंच हाई झाड."

मला गरज नव्हती का, आबा? तेव्हा विचारायचं राहिलं, म्हणून आता विचारते. शाळेतल्या मुलांकडून फुलदाण्यांची चित्रं काढून घेण्यात माझा जन्म जाणार, या भीतीने मला झोप लागत नव्हती. ताप आलेल्याची नाडी तुम्ही पाहायचात, माझी कधी पाहिलीत का? पुढचे काही दिवस आपण आईमार्फत बोललो. तुमचा चहा नेऊन द्यायला ती मला सांगायची, मी पातेलं घासत बसायचे. "दोन्ही एकच माळना मणी शेतस," ती वैतागून म्हणायची.

मग एका दुपारी ओट्यावर बसल्याबसल्या तुम्ही छातीला हात लावलात. चेहरा घामाने भिजला. भाऊने शेजारची जीप आणली. जळगावच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. तुम्हाला आत बसवताना मी तुमची चप्पल घेऊन उभी होते, तेव्हा तुम्ही मला जवळ बोलावलंत. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"कोयता गोठामा शे, कडबामांगे. साल काढी ठेव. मनं नाव सांगजो."

मी धावत नाल्यावर गेले. तुमचं नाव मी जन्मात कधी मोठ्याने उच्चारलं नव्हतं. झाडापुढे ते पहिल्यांदा घेतलं. तुम्ही दाखवलं होतंत तशीच साल काढली, शेणमाती लिंपली, घरी आणून सुपात पसरली. सूर्य मावळायच्या आत जीप परत आली. साल अजून ओलीच होती, आतून गुलाबी.

दहावा झाल्यावर मी ती पदरात घेऊन झाडाकडे गेले. नियमच तसा होता. बुंध्याशी वाकलेसुद्धा. पण तुमच्या नावाची तेवढीच एक वस्तू माझ्याकडे होती. ती ठेवून रिकाम्या हाताने मला घरी येता येईना. मी ती परत आणली आणि उकळली. त्या रंगात मी पहिलं मोठं चित्र केलं. त्यात फक्त झाडाची लिंपलेली जखम होती. कोयता कुठे लपवलाय ते तुम्ही मला का सांगितलंत, आबा? औषधासाठीच, की त्यात माझंही काही होतं? हे सांगायला तुम्ही मागे राहिला नाहीत, याचा मला फार राग आहे.

आता माझी चित्रं लांब लांब जातात. गावी गेले की मी त्याच झाडाची थोडी साल काढते, शेणमाती लिंपते, आणि दर वेळी तुमचंच नाव सांगते.

हे लिहिलेलं त्याच्या बुंध्याशी ठेवून यावं असं वाटलं होतं. पण नाही ठेवणार. तुम्ही गेलात, हे मी त्या झाडाला अजून सांगितलेलं नाही.