आधी दिवा, मग माणूस

अप्पा, तुम्ही चालवायचात तो आगीचा बंब परत आलाय. कारखान्यानं तो मोडीत काढला, चार गावच्या पोरांनी मिळून विकत घेतला, आणि आता त्याची विहिरीत पडलेल्या माणसांना वर काढायची गाडी करायची म्हणून हुमनाबादच्या हायवेवर आमच्या शेडात आणून उभा केला. शेड माझी आणि तुमच्या जावयाची. हा जावई तुम्ही पाहिलाच नाही. वेल्डिंग तो करतो. मापं, माल आणि गिऱ्हाइकांशी भांडणं माझ्याकडं. बंब फाटकातून आत वळला तेव्हा आई मागच्या खोलीत भाकरी थापत होती. इंजिनाचा आवाज ऐकून ती आतूनच म्हणाली, "आले वाटतं." आणि चहाचं आधण ठेवलं. मी आत गेले तर पाणी उकळायलंय, तव्यावरची भाकरी करपायलीय, आणि ती नुसती तव्याकडं बघत बसलीय. तिचं तिलाच कळलं होतं. मी तवा उतरवला. ते पाणी तसंच आटलं.

मला हे काम घ्यायचंच नव्हतं. जावई म्हणाला, लोखंड ते लोखंड. त्याला म्हणायला काय जातंय. गिअरच्या मुठीवर तुमच्या तळहातानं गुळगुळीत झालेली जागा अजून आहे, तिच्यावरून माझं बोट फिरलं आणि मी हात काढून घेतला. तुमच्या सीटवर कुणी कामगार बसला की माझं डोकं फिरतं. परवा एकाला उगाच वाट्टेल ते बोलले, तो बिचारा डबा खायला बसला होता. संध्याकाळी शटर ओढताना मी केबिनकडं बघत नाही. बघितलं तर तुम्ही असाल ही भीती नाही, अप्पा. तुम्ही असाल आणि मला तुम्हाला ते विचारावं लागेल, ही भीती. पाण्याची टाकी कापली त्या दिवशी मी समोर उभी होते. ती भरलेली टाकी घेऊनच तुम्ही त्या विहिरीवर गेला होतात, जिथून परत आला नाहीत. आग नव्हतीच तिथं. एवढ्या पाण्याचं तुम्ही तरी काय करणार होतात? टाकीच्या जागी आता विहिरीच्या तोंडावर उभी करायची तिपाई आहे, दोर गुंडाळायचा विंच आहे, खाली ताजी हवा ढकलायचा पंखा आणि त्याची लांब नळी आहे, माणसाला बांधायचे पट्टे आहेत. जावयाची प्रत्येक वेल्डिंग मी हातोडीनं ठोकून बघितली. तो वैतागला. वैतागू दे.

तुम्हाला आठवतं का, इथल्याच मेहकरकडच्या आपल्या शेतातली विहीर. मी परकर खोचून पडलेली बादली काढायला पायऱ्या उतरायलेय आणि तुम्ही बांधावरून ओरडताय, "वर ये आधी. दिवा सोडलास का?" मी वर आले तर कान असा पिरगाळला की डोळ्यांत पाणी आलं. मग घरून कंदील आणून, दोरीला बांधून, माझ्याच हातानं खाली सोडायला लावलात. "आधी दिवा, मग माणूस. खाली हवा नसली की दिवा विझतो," म्हणालात. मी विचारलं, दिवा विझला तर? "तर बादली गेली म्हणायचं आन् घरला जायचं." आणि जळत राहिला तर? "तर बिनघोर जा." कंदील तळाशी पाण्यावर पिवळा पिवळा जळत होता. मी बिनघोर गेले आणि बादली घेऊन आले. त्या दोन शब्दांवर माझा केवढा भरवसा होता.

आणि मग ती विहीर. उन्हाळ्यात पाणी खाली गेलेलं, म्हणून शेतकऱ्यानं पाणी उपसायचं इंजिन विहिरीतल्या टप्प्यावर उतरवलेलं, जसं सगळेच उतरवतात. इंजिन बंद पडलं, तो बघायला गेला आणि वर आला नाही. जवळ बंब म्हणजे कारखान्याचा, म्हणून तुम्हाला बोलावणं आलं. तुमच्याबरोबर चाचा होते. एका गाडीवर तुम्ही दोघं जन्मभर राबलात, एका डब्यात जेवलात. तुम्ही दोर कमरेला बांधला, चाचांनी तो धरला, तुम्ही उतरलात, बोलायचे थांबलात. वर ओढलं तेव्हा काही उरलं नव्हतं. तो शेतकरीही गेला. चाचा घरी आले आणि आईच्या पायाशी बसून म्हणाले, "बत्ती जल रई थी, भाभी. मैं अपनी आँख से देख्या. नीचे तक जल रई थी." आई म्हणाली, "दिवा जळत हुता तर माणूस कामून मेला?" चाचांनी परत तेच सांगितलं. गाव म्हणालं, दिवा सोडलाच नसेल, घाई केली, हिरो व्हायला गेला. आईनं चाचांशी बोलणं टाकलं. एवढी वर्षं बाजारात समोर आले तरी ती पदर पुढं घेऊन वळायची. ती म्हणायची, दोस्ताला झाकायलाय. मी कुणाची बाजू घेऊ? दिवा सोडला नसेल तर तुम्ही मला शिकवलेलं तुम्हीच मोडलंत, आणि परक्या माणसासाठी आम्हाला टाकून गेलात. सोडला असेल तर तुम्ही शिकवलेलंच खोटं. दोन्ही बाजूंनी माझे अप्पा जात होते. हेच ते विचारायचं होतं.

बंबाची बाजूची पेटी गंजून बसली होती, छिन्नीनं उघडली. आत कंदील. काच चिरलेली, वात तशीच. मी कुणाला सांगितलं नाही. रॉकेलसाठी दोन दुकानं पालथी घातली, घासूनपुसून ठेवला आणि गाडीच्या चाचणीला बरोबर घेतला. चाचणी मन्नाएखेळ्ळीच्या पुढं एका पडीक विहिरीवर होती. कारखान्यातून निवृत्त झालेले सेफ्टीचे साहेब पोरांना शिकवायला आले होते. त्यांच्या सांगण्यावरून विहिरीतल्या टप्प्यावर सकाळपासून एक इंजिन चालवून बंद केलं होतं. चाचांना मीच बोलावलं. आई म्हणाली, "मलाबी बघायचंय," आणि येऊन बाभळीखाली बसली, चाचांकडं पाठ करून.

पोरांनी माणसाऐवजी वाळूचं पोतं पट्ट्यात बांधून सोडलं, आणि शेजारून दोरीला बांधलेलं हवा मोजायचं यंत्र. ते निम्म्यातच किंचाळायला लागलं, लाल दिवा लुकलुकायला लागला. साहेब म्हणाले, आता पंखा लावा. मी म्हटलं, थांबा जरा. आणि कंदील पेटवून सोडला. कुणी हसलं असतं तर मी त्याला विहिरीतच ढकललं असतं. कंदील टप्प्यापाशी गेला, जळत होता. पोत्यापाशी गेला, जळत होता. यंत्र किंचाळतंय आणि त्याच्या शेजारी तुमचा कंदील शांत जळतोय, देवघरात जळावा तसा. साहेब पोरांना सांगत होते, "इंजिनाच्या धुरातलं हे विष. रंग नाही, वास नाही. दिव्याला पुरेल एवढी हवा खाली असते, म्हणून दिवा जळतो. माणूस मरतो." चाचा मटकन खाली बसले. म्हातारं माणूस, तोंडावर रुमाल धरून रडायलं. आणि मला तुमची इतकी दया आली, अप्पा, इतकी माया आली. तुम्ही घाई केली नव्हती. तुम्ही दिवा सोडला होता, थांबून बघितलं होतं, आणि मग बिनघोर गेला होतात.

तेवढ्यात यंत्राची दोरी कपारीत अडकली. मी अगदी कडेला होते. पुढं काय झालं ते बघणाऱ्यांना एवढंच दिसलं की माझा तोल गेला आणि चाचांनी उठून माझा दंड धरून मला मागं ओढलं. हळू आवाजात, मला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाले, "बत्ती का मत सुन, बेटी." मग पोरांनी पंखा लावला, नळी खाली सोडली, आणि बऱ्याच वेळानं यंत्र गप्प झालं. पोतं वर आलं. गाडी पास झाली.

आई बाभळीखालून उठली. आधी माझ्याकडं येईल असं वाटलं, पण ती चाचांपुढं जाऊन उभी राहिली. पदर मागंच होता. म्हणाली, "भाई, जळत हुता व्हय." चाचा म्हणाले, "हाँ भाभी." तिनं लुगड्याची माती झटकली. मग म्हणाली, "चला घरला. च्या घ्या." घरी तिनं तीन कप मांडले, तिसरा तुमचा, तो परत ठेवला, आणि थोड्या वेळानं तो पुन्हा काढून माझ्यासमोर सरकवला.

गाडी उद्या पोरांच्या ताब्यात जाईल. कंदील मी काढून ठेवलाय, तो त्या पेटीत पुन्हा जाणार नाही. हे लिहिलेले कागद तुमच्या सीटखाली सारायचे मनात होतं, पण पोरं सगळं उचकतात, म्हणून इथंच राहतील, माझ्या कपड्यांच्या घडीखाली. चहा पिताना आईनं विचारलं, "तिथं कडंला काय झालं गं तुला?" मी म्हटलं, पाय घसरला. चाचा बशीत बघत राहिले. तुम्हाला मात्र खरं सांगते. यंत्र खाली जीव तोडून किंचाळत होतं आणि मी ते ऐकत होते. पण दिवा जळत होता, अप्पा. मी अडकलेली दोरी सोडवायला पहिल्या पायरीवर पाय ठेवला होता. घसरला नव्हता.