परबांचा जुना केसपेपर

मुलुंड, १२ मार्च १९८८

प्रिय वसुधा,

इस्पितळात कॉम्प्युटर येऊन चार महिने झाले. त्याला एसी लावलाय, आत जाताना चपला काढायच्या. युनियनने विरोधाचा फलक लावला. अंबादास शिपाई म्हणतो, नावं हा लिहिणार, मग मी काय त्याला पाणी पाजू? डॉक्टर फिरकत नाहीत, दिवे गेले की तोही झोपतो. पण खरी अडचण आपल्या कागदांची आहे गं. एकाच माणसाचे तीन केसपेपर. एकावर आडनाव, एकावर गाव, एकावर नुसतं 'बाळाची आई'. शिकवायला आलेला नंदकिशोर डोकं धरून बसतो. म्हणतो, मावशी, दिलं तेच नाव हा शोधणार, तुमच्यासारखा अंदाज नाही करत.

तुला दोनदा निरोप धाडला, पंधरा दिवस येऊन मदत कर म्हणून. तू नाही म्हणालीस. का, ते मला ठाऊक आहे. सहा वर्षांपूर्वी ह्यांना तापात आणलं, तेव्हा आधी एका सुईने अंगभर गांधी उठल्या होत्या एवढंच मला सांगता आलं. सुई कसली, ते जुन्या केसपेपरवर होतं. दिराने खिडकीवर नाव सांगितलं, सहदेव परब. तू तासभर गठ्ठे उपसलेस. कागद मिळेना, ताप वाढत होता, डॉक्टरांनी सुई दिली. दहा मिनिटांत सगळं आटोपलं. पुढे मला आयाचं काम तूच मिळवून दिलंस, वाचता येतं बघून रेकॉर्डरूममध्ये घेतलंस, आणि स्वतः नोकरी सोडून दहिसरला गेलीस. जानकीच्या तोंडाकडे बघवत नाही, असं आपल्या इथल्या जयंतीजवळ म्हणालीस म्हणे.

मंगळवारी मी 'भ'चा गठ्ठा सोडला. भाऊ परब, वय एकेचाळीस, पत्ता आमच्याच चाळीचा. वर लाल शाईत, पेनिसिलिन देऊ नये. तारीख पाहिली, गांधी उठल्या तेव्हाचीच. त्या पहिल्या खेपेला खिडकीवर मीच होते. नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं, मागे रांगेत चाळीतली माणसं. म्हटलं, भाऊ लिहा, सगळे तेच म्हणतात. नंतर ते पार विसरून गेले. खोटं नाही सांगत.

नंदकिशोरच्या कामासाठी यायचं तर ये, नाहीतर नको. त्यासाठी हे पत्र नाही. तू शोधलंस त्या नावाचा कागद इथे कधी नव्हताच. सहा वर्षं तू माझी चूक वागवलीस. आता ती माझी मला दे.

तुझीच,
जानकी सहदेव परब