कधीही न वापरलेली सीट

डॅरिल,

मी गाडीवरचं कापड ओढत होते, तेवढ्यात तुझी गिऱ्हाइकं शेडमध्ये शिरलीसुद्धा. तू घर सोडून गेलास, पण तुझी मोटरसायकल दाखवायचं काम माझ्या गळ्यात टाकून गेलास.

नेव्हिलनं साइडबॅगा उघडल्या, पुढची उंच काच ठोकून पाहिली. "ठेवलीय मात्र झकास," तो म्हणाला. "आणि जाहिरातीत लिहिलंय, मागची सीट कधी वापरलीच नाही."

त्याची बायको ट्रिश मागे बसली, पाठटेकूला रेलली आणि खदखदून हसली. "कोरी कसली! खोलगट दबलीय ही. इथे माझ्याहून जाड बाई बसून गेलीय."

"ती मीच," मी म्हणाले.

नलार्बरच्या ओसाड माळावरचा अख्खा रस्ता मी तुझ्या पाठीमागून पाहिला, डॅरिल. तो पाठटेकू माझ्या कंबरेसाठी तूच बसवलास. आणि आता चार डॉलर जास्त यावेत म्हणून मला पुसून टाकलंस? सोडून गेलास, ते मी गिळलं. हे गिळणार नाही.

नेव्हिल चपापला. "मग त्यानं आणखी काय काय खोटं लिहिलंय?"

"बाकी सगळं खरं आहे," मी म्हणाले. तेही गाडीसाठी, तुझ्यासाठी नाही.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. वाचून तू फोन करशील, माफी मागशील. ती मला नकोय.

लोर्ना

ता. क. गाडी त्यांनीच घेतली. आज सकाळी ट्रिशचा फोन आला. समोरून तीन डब्यांचा ट्रक गेला की त्याच्या वाऱ्याच्या धक्क्यात मागे बसणाऱ्या बाईनं स्वतःला कसं सावरायचं, एवढंच तिला विचारायचं होतं. मी सांगितलं.