होडीत बसण्याआधी

विंझर

तीर्थरूप आत्याबाईंना सून नलूचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे. शिबिरातल्या स्वयंपाकाची सवय झाली. तुमचे गुडघे कसे आहेत?

एक विचारायचं आहे. पौर्णिमेला शिबिराच्या मुली वल्ह्याच्या होड्यांतून गुंजवणी नदीने जाणार, वाटेत काठावर तंबूत मुक्काम करणार. रांधायला मीही हवी आहे. प्रत्येकीला तरंगतं जाकीट मिळतं, काळजी नसावी. त्या दिवशी भीमेवर ह्यांच्या अंगात तसलं काही असतं तर, असं मनात येतं.

निघण्याआधी नदीची ओटी भरायची आहे. मी विधवा म्हणून मागे सरले, तशी इथली ठकुबाई म्हणाली, "नदी काय कपाळ बघती व्हय? तुझं माणूस पाण्यानं न्हेलंय. तूच भर, तुझंच तिला ऐकावं लागंल."

मला भरायची आहे. भीती गेलेली नाही, तरी जावंसं वाटतं. पण तुमचा मुलगा पाण्याने नेला, तुमच्या शब्दाशिवाय होडीत पाय ठेवणार नाही.

हे पत्र माझी श्रावणीच तुम्हाला वाचून दाखवत असेल. वाचताना पोरीचा आवाज अडला असेल, तर मी जात नाही. तेवढं खरं कळवा.

तुमची
नलू