घर सुनेला, रजई मुलाला

मी, खाली सही करणारी, जन्मभर लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवलेली विधवा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, स्वखुशीने आणि दिवा न लावता खिडकीपाशी बसून लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. पायांचा दिलेला नाही, ते एका जागी ठरत नाहीत. आत्ताच उठून मोरीतला नळ घट्ट करून आले. गळत होता मेला.

१. राहतं घर माझ्या स्वतःच्या कमाईचं आहे. माझ्या पश्चात ते संपूर्णपणे सुनेच्या मालकीचं व्हावं. मुलाला त्यात वाटा नाही. का, तेही लिहिते, म्हणजे उद्या कोर्टात कोणी ‘म्हातारीला भ्रम झाला होता’ म्हणायला नको.

आमच्याकडे पातेल्याला उकळी आली की गॅस बंद करायचा आणि पातेलं रजईत गुंडाळून पलंगावर ठेवायचं. आतल्या आत शिजतं. चिरंजीव यावरच वाढले. तरी एका दुपारी कामावरून आले, रजई ओढली आणि आडवे झाले. सगळी डाळ गादीवर! “असल्या चिक्कू घरात मी राहणार नाही,” म्हणाले. पातेलं आपलं निमित्त, मन केव्हाच उडालं होतं. सुनेला म्हणाले, “चल.” ती म्हणाली, “आधी गादी वाळू दे.” गादी वाळली. ती गेली नाही.

२. सुनेवर अट घालणार होते की खोलीतून बाहेर पडताना दिवा, पंखा बंद करावा. लिहून खोडली, खोडलेल्या ओळीवर सही केली आहे. ती काही गुणाची पुतळी नाही. गिझर चालू ठेवून फोनवर बोलत बसते, माझा जीव तुटतो. बोललं की, “अहो आई, किती फिराल? बसा की जरा!” पण एखादा पंखा चालू राहिला म्हणून तिला कोणी बाहेर काढायला नको.

३. बँकेतल्या शिलकीतून गच्चीवर सौरबंब बसवावा. पश्चिमेच्या खिडकीसाठी जाड कापड बेतून ठेवलं आहे, शिवायचं राहिलं. दुपारचं ऊन अडलं की पंख्यावर भागतं.

४. पायाचं शिलाई मशीन सुनेला. त्याला वीज लागत नाही, तिलाही वेंधळेपणा करता येणार नाही.

५. वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक जिन्यातला दिवा भरदिवसा जळत ठेवतात. “बटणापर्यंत हात पोचत नाही हो.” त्यांना माझं स्टूल द्यावं.

६. मुलाला ती रजई. धुतली, डाग गेला नाही. थंडीत हीटरऐवजी हीच घ्यावी. पोटचा आहे, राग कितीही असला तरी गारठू नये.

७. मागच्या आठवड्यात त्याने सुनेला फोन केला. “आई गेली की घर रिकामं करायचं,” म्हणाला. मी शेजारीच होते. तेव्हापासून तिचे कपडे कपाटात नाहीत, दाराआडच्या बॅगेत आहेत. धुऊन, घड्या घालून पुन्हा त्यातच ठेवते. वकील म्हणतात, मृत्युपत्र माणूस गेल्यावरच लागू होतं. होऊ दे बाकीचं. हे कलम मात्र आजपासून लागू आहे: सुनेने ती बॅग रिकामी करावी. ऊठ बाई, आत्ताच कर.

सही: केली.
साक्षीदार: डॉक्टरीणबाई, कोपऱ्यावरचा चष्मेवाला. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या.
ठिकाण: सुनेचं घर.
तारीख: आजचीच.